तिसऱ्या पायरीवरचं पान

आमच्या घरात भुताची गोष्ट सांगायचं खातं माझ्याकडे आहे. दिवाळीला सगळे जमले, फराळाच्या ताटल्या रिकाम्या झाल्या की एखादं भाचरू म्हणतंच, "आत्या, तो बंगला सांग ना." मग मी थोडे आढेवेढे घेते, कारण ते घेतल्याशिवाय मान राहत नाही, आणि सुरू होते. चाळीस वर्षांत तो बंगला बराच वाढला आहे. जेवणाच्या टेबलाभोवती चोवीस खुर्च्या होत्या, मागच्या दिवाळीला त्या चाळीस झाल्या. झुंबर एकच होतं, आता प्रत्येक खोलीत आहे. धाकटा भाचा इंजिनिअर आहे. तो म्हणाला, "आत्या, एवढा एफएसआय तेव्हा मिळत नव्हता."

सगळे हसले, मीही हसले. पण एवढं सगळं वाढवणाऱ्या मी एक वस्तू मात्र त्या गोष्टीत कधीच येऊ दिली नाही. एक सुका बोंबील. तो इथे लिहून टाकते. तोंडाने सांगायचं धाडस अजून नाही.

आम्ही नेरूळला राहायला आलो ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. मी बारा वर्षांची होते. इमारती नव्या, रस्ते नवे, झाडं तर इतकी नवी की त्यांची सावली आमच्या सावलीत मावायची. वाऱ्याबरोबर खाडीच्या चिखलाचा वास येई आणि दिवेलागणीला कोल्हे ओरडत. गिरगावातल्या दोन खोल्यांतून उठून आलेल्या आम्हांला रविवारी जायचं कुठे, हा मोठाच प्रश्न होता. बाग नाही, नाटकगृह नाही. होता तो फक्त शेटचा बंगला.

सारसोळे गावाच्या पलीकडे खाडीकडे तोंड करून एक टेकाड होतं. त्यावर आंब्याची कलमं, दगडी कमान आणि मधोमध दुमजली बंगला. खालची मिठागरं जिथवर दिसतील तिथवर एकेकाळी या शेटची. शेटचं कुटुंब केव्हाच पांगलं होतं. नव्या शहरासाठी जमिनी घेतल्या गेल्या तेव्हा बंगलाही सरकारी कचेरीकडे आला. कुणा साहेबाला वाटलं, पाडण्यापेक्षा लोकांना दाखवावा. म्हणून भिंतींना चुना लागला, सामानापुढे दोऱ्या बांधल्या गेल्या, कमानीवर 'ऐतिहासिक वास्तू' अशी पाटी आली आणि दर रविवारी तो पाहुण्यांसाठी उघडायला लागला.

दाखवायला एक बाई होत्या. साठीच्या, सारसोळ्याच्या, गुडघ्यापर्यंत आवळून नेसलेलं लुगडं, पाठीत थोड्या वाकलेल्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. लहानपणापासून त्या बंगल्यात भांडी घासायला होत्या. शेट गेला, शेटाणी गेली, मुलं गेली, मावशी मागच्या खोलीत तशाच राहिल्या. कचेरीने त्यांच्या हातात किल्ल्या दिल्या आणि माहितीचा छापील कागद दिला. कागद मावशींनी घडी घालून देवामागे ठेवला, कारण त्यांना वाचता येत नव्हतं.

त्यामुळे बंगला दाखवायची त्यांची रीत अजब होती. त्या लोकांना मागच्या दाराने आत नेत. पहिल्यांदा विहीर, मग तीन पायऱ्या, मग मोरी, स्वयंपाकघर, कोठी आणि शेवटी दिवाणखाना. पुढचा खांबांचा व्हरांडा लोकांना बाहेर पडताना दिसायचा, मावशी आतूनच मागे वळायच्या. दादरहून आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "अहो, पुढून का नाही नेत?"

"पुढच्या दारानं मी कवाच आत आले नाय," मावशी म्हणाल्या. "तिकडशी मना रस्ता गावायचा नाय."

प्रत्येक वस्तूची ओळखही तशीच. "ही मोरी. हितं एका टायमाला साठ भांडी पडायची. हे झुंबर. खाली उतरवून धुवायला चार मानसं न दोन दिस. हा आरसा, याला राख लावायची नाय." कुणी विचारलं की हे कपाट किती जुनं, की मावशी म्हणत, "म्हाईत नाय. जड लय हाय."

इथवर मजा होती. पण वरच्या मजल्यावर गेलं की मजा संपे. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मावशी वळायच्या आणि ओठांवर बोट ठेवून म्हणायच्या, "हलू चला. शेटानी पडल्यात."

पडल्यात. पडायच्या नव्हे. पंचवीस माणसं, त्यांत साहेब लोक, कडेवरची पोरं, सगळी एकदम चवड्यांवर. पलंगावर मच्छरदाणी सोडलेली असे आणि खाडीचा वारा खिडकीतून आला की ती आतून कुणी कूस बदलल्यासारखी हले. समोरच्या आरशावर काळे डाग पडले होते. त्यात आपला चेहरा जरा उशिरा उमटतो असं मला वाटे. माझे बाबा देवालाही नमस्कार करताना घड्याळ बघणारे, पण तेही त्या खोलीतून चपला हातात घेऊन बाहेर आले. चपला त्यांनी खाली काढून ठेवायला हव्या होत्या हा भाग वेगळा.

आता आईकडे वळते. आई रत्नागिरीकडची. आमच्या गावी प्रत्येक घराला एक जागेवाला असतो. तो दिसत नाही, पण जागा त्याची. आपण त्याच्याकडे राहायला आलेले. त्याला अमावास्येला पानावर दहीभात ठेवायचा, म्हणजे तो घरावर नजर ठेवतो. नेरूळच्या फ्लॅटमध्ये आल्यावर आईला पहिली काळजी पडली ती याचीच.

"अहो, पण इथे जागा कुठली? आपण तिसऱ्या मजल्यावर. खाली दुसरे, त्याच्या खाली तिसरे. आपण तर हवेत राहतो!"

"मग हवेला दे," बाबा म्हणाले.

पण त्या वर्षी बाबांना दोनदा हिवताप झाला, कुकरची शिट्टी उडून छताला लागली आणि मी गणितात शंभरपैकी अकरा गुण मिळवले. आईने तिन्ही गोष्टींचा एकच अर्थ लावला: जागेवाल्याचं देणं कुणी दिलेलं नाही. तिने भाजीवालीला विचारलं, ही जमीन मूळची कुणाची? भाजीवाली म्हणाली, "ही समदी शेटची." झालं. आईचं गणित माझ्यापेक्षा पक्कं होतं. जमीन शेटची, म्हणजे जागेवाला शेटच्या बंगल्यात. आमच्या इमारतीच्या चाळीस बिऱ्हाडांना जे सुचलं नाही ते तिला सुचलं.

तेव्हापासून दर रविवारी आमची स्वारी बंगला बघायला. अमावास्येची वाट बघायलाही आई तयार नव्हती, कारण चाचणी परीक्षा जवळ आली होती. पिशवीत डबा, डब्यात दहीभात, वर केळीच्या पानाचा तुकडा. आत दोऱ्या बांधलेल्या, सगळीकडे माणसं. मोकळी जागा एकच, विहिरीकडच्या त्या तीन पायऱ्या. लोक आत गेले की आई चप्पल अडकल्याचं निमित्त करून मागे राही आणि मला डबा देई. मी वरच्या, तिसऱ्या पायरीवर कोपऱ्यात पान ठेवायचं आणि धावत सगळ्यांना गाठायचं. तेव्हा मावशी भांड्यांची संख्या सांगत असायच्या.

चार रविवार झाले. गणितात काही फरक पडला नाही.

शाळेत माझ्या बाकावर सारसोळ्याची एक मुलगी बसायची. तिला मी विश्वासाने सगळं सांगितलं. ती इतकी हसली की बाईंनी तिला उभं केलं. खाली बसल्यावर कुजबुजली, "येडी का काय तू? खाडीवरचा जागेवाला न त्याला दहीभात? आमच्यान देव पन सुकटीबिगर जेवत नाय." दुसऱ्या दिवशी तिने कागदात गुंडाळून एक भाजलेला सुका बोंबील आणला. आमच्या घरात मासळीचं नावही घेत नसत. मी तो कंपासपेटीत ठेवला, कर्कटक आणि कोनमापक यांच्या मधोमध, आणि रविवारी आईची पाठ वळल्यावर दहीभातावर आडवा ठेवून दिला.

पुढच्या चाचणीत मला बावन्न मिळाले.

आता याला कुणी काय करावं? मी दर आठवड्याला बोंबील पुरवायची व्यवस्था केली. मोबदल्यात मैत्रिणीचा भूगोलाचा नकाशा मी भरून द्यायची.

दुसऱ्याच रविवारी आम्ही गेलो तर तिसरी पायरी स्वच्छ धुतलेली. त्याच्या पुढच्या रविवारी तिथे पाण्याचा तांब्या होता, वर पेला पालथा घातलेला. आईने माझा दंड पकडला. "बघितलंस? घेतोय तो. पाणी मागतोय." मला बोंबलाचं श्रेय घ्यावंसं वाटलं, पण जिभेवर आलेलं गिळलं.

मग तिथे एक पाट आला. मग पाटावर घडी घातलेला नवा कोरा पंचा.

पंचा बघितल्यावर मात्र आई घाबरली. तांब्या, पाट ठीक होतं, पण जागेवाल्याने पंचा आणवून घेतला म्हणजे त्याला अंग आलं! त्या दिवशी आईने वरच्या मजल्यावर यायचं नाकारलं. मी गेले. मच्छरदाणी हलली, आरशात मी उशिरा उमटले आणि माझ्यामागे कुणीतरी आणखी उशिरा उमटेल अशी मी वाट बघत राहिले. मावशी आज "शेटानी पडल्यात" म्हणायला विसरल्या. त्यांचं लक्ष सारखं खिडकीतून खाली पायऱ्यांकडे होतं.

त्याच महिन्यात कमानीवर दुसरी पाटी लागली. बंगला डागडुजीसाठी पाहुण्यांना बंद होणार होता, महिनाअखेरपासून. मागच्या खोल्याही मोकळ्या करायच्या होत्या. आम्ही पान ठेवायला मागे गेलो तर मावशींची लेक आलेली. जुई गावात दिलेली, धट्टीकट्टी बाई. विहिरीपाशी दोघींचं जुंपलं होतं. आई आणि मी डबा पदराआड धरून केळीमागे उभ्या राहिलो.

"आये, चल ना गो! पोरं वाट बगतान तुजी. हितं कुलूप लागंल, पानी तोडतील, एकटी काय करशील?"

"एकटी कुटं? त्यो येतो ना."

"कोन येतो?"

"तुजा मामा."

लेक मटकन विहिरीच्या कठड्यावर बसली. "मामाला जाऊन चाळीस वरसं झाली, आये."

"दर ऐतवारी येतो. बोंबील ठेवतो न जातो. मना दिसत नाय, लाजतो. पन येतो. मी जुईला गेले तं त्याला कोन सांगंल मी कुटं हाय त्ये?"

मग मावशी बोलत राहिल्या, लेकीला की पायऱ्यांना कुणास ठाऊक. त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघंच. त्या इथे भांड्याला, भाऊ मिठागरावर. शेटची माणसं जेवल्याशिवाय नोकरांना तुकडा मिळायचा नाही आणि ती जेवायची दुपार टळल्यावर. म्हणून भाऊ घरून केळीच्या पानात भात आणि भाजलेला बोंबील बांधून आणायचा, तिसऱ्या पायरीवर ठेवायचा आणि शीळ घालून जायचा. एक दिवस दमून तो त्याच पायरीवर बसला. शेटच्या मुलाने पाहिलं आणि त्याच्या थोबाडीत मारली. भाऊ उठला. खाली जाऊन होडीत बसला. मावशी धक्क्यापर्यंत धावल्या. "मना बोलला, येतो गो. मी बोलले, ये, मी हितंच हाय." तो परत आला नाही, मेल्याचीही खबर आली नाही.

केळीमागे आईने डबा खाली ठेवला. तिच्या सगळं लक्षात आलं होतं. म्हणजे तिला वाटलं, सगळं.

माझी आई भित्री होती, पण खोटी नव्हती. ती सरळ पुढे गेली आणि म्हणाली, "मावशी, चुकले मी. ते पान मी ठेवते. आमच्याकडे जागेवाल्याला दहीभात ठेवायची पद्धत आहे. मला वाटलं, या जमिनीचा जागेवाला इथे असेल. तुम्ही त्याच्यासाठी थांबू नका हो. लेकीकडे जा."

लेकीच्या तोंडावर सुटका दिसायला लागली. आणि मग मावशी हसल्या.

"दहीभात तुजा, बाय. त्ये मना म्हाईतच हाय. आमच्यान भातावर दही कोन घेतंय? पयले चार ऐतवार मी त्यो कावल्यांना टाकला. पन बोंबील? तुमच्यान तं मासलीचा वास पन चालत नाय. बोंबील तू ठेवलास?"

"बोंबील?" आई म्हणाली. "कसला बोंबील?"

तिचा चेहरा पांढरा पडला, अगदी चुन्यासारखा. त्या चेहऱ्यात तसूभरही नाटक नव्हतं आणि मावशी भांड्यावरचा डाग ओळखावा तसं माणूस ओळखायच्या.

"बगलास?" त्या लेकीला म्हणाल्या.

मी तिथेच उभी होते. फ्रॉकच्या खिशात कंपासपेटी, पेटीत त्या रविवारचा बोंबील. मला तोंड उघडून चार शब्द म्हणायचे होते: तो मी ठेवला, मावशी. मी काय विचार केला ते लिहायला आजही लाज वाटते. मी विचार केला, आई मला डोक्यावरून आंघोळ घालेल, कंपासपेटी फेकून देईल आणि मैत्रिणीशी बोलणं बंद करेल. एका बाईने चाळीस वर्षं वाट पाहिलेल्या भावापुढे मला माझ्या आंघोळीची काळजी पडली होती. मी खिसा तळहाताने झाकला.

घरी आल्यावर आईला दोन दिवस ताप होता. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तिच्यासाठी भूत तू आणि तुझ्यासाठी भूत ती. छान! एकमेकींचं बरं चाललं होतं." आई म्हणाली, "मग बोंबील कुणी ठेवला हो?" उत्तर ज्या एका माणसाकडे होतं ते भूमितीचा गृहपाठ करत होतं.

आई पुन्हा बंगल्यात गेली नाही. जागेवाल्याचा नारळ तिने गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी फोडला आणि सोसायटीच्या सेक्रेटरीची चिठ्ठी ओढवून घेतली. त्यानंतरच्या दोन रविवारी तिसऱ्या पायरीवर कुणीच काही ठेवलं नाही.

शेवटच्या रविवारी मी हट्ट करून बाबांबरोबर गेले. मी सांगणार होते. रस्ताभर वाक्य घोकलं होतं. बाबा कलमांखाली कुणाशी तरी बोलत थांबले आणि मी मागच्या बाजूला धावले. मावशींचं गाठोडं दारात बांधून ठेवलेलं होतं. तांब्या, पाट, पंचा पायरीवर तसेच होते. पंच्यावर धूळ बसली होती. मावशी मोरीत बसून एक पातेलं घासत होत्या. कुणाचं होतं आणि कशासाठी, देव जाणे. त्या घरात कुणी जेवून तीसएक वर्षं झाली असतील.

"मावशी," मी म्हटलं, "मला एक सांगायचंय."

"आलीस? बरा झाला." हात धुऊन त्या उठल्या. "मी चालले लेकीकडं. तिची पोरं लय रडतान. दोन ऐतवार झालं, त्यो आला नाय. लोकांनी हटकला ना, मंग बुजला. लान होता तवापासनं तसाच हाय." माझ्या खांद्यावर त्यांनी ओला हात ठेवला. राखेचा वास आला. "तू हितलीच ना, नेरूलची? तू मोठी होशील, येशील, जाशील. त्यो आला तं त्याला सांग, तुजी भैन जुईला गेली. सांगशील ना?"

त्या वेळी मी जे घोकून आणलं होतं ते सांगितलं असतं तर त्यांच्याजवळ काय उरलं असतं, हे मला तेव्हा कळलं, असं मी म्हणणार नाही. बारा वर्षांच्या मुलीला एवढं कळत नाही. मला फक्त सोपं काय ते कळलं.

"हो," मी म्हटलं.

त्या दिवशी पहिल्यांदाच मावशी गाठोडं घेऊन पुढच्या दाराने बाहेर पडल्या, कारण लेकीने रिक्षा कमानीपाशी उभी केली होती. खांबांच्या व्हरांड्यात त्या क्षणभर गोंधळल्या. कुठली पायरी आधी, ते त्यांना कळेना. बाबांनी हात दिला.

चार वर्षांनी मैत्रिणीकडून कळलं, त्या गेल्या. जुईला, लेकीच्या घरी, नातवंडांच्या गराड्यात. माझ्याकडे निरोप तेवढा राहिला. बंगला डागडुजीचे पडदे लावून बंद होता तोवर बरं होतं. पण त्या रस्त्याने बस जायची तेव्हा मी खिडकीतून बघायची. आधी पन्नाशीचे पुरुष बघायची, मग साठीचे, मग सत्तरीचे. मी कॉलेजात गेले, नोकरीला लागले, लग्न झालं, तरी कमानीशी कुणी म्हातारा उभा दिसला की मी मान वळवून बघत राहायची. नवरा म्हणायचा, "तुला कुणाचे पैसे द्यायचेत का?" त्या म्हाताऱ्यांपैकी बहुतेक बसची वाट बघत असत.

आता तो बंगला चकचकीत आहे आणि समारंभांना भाड्याने मिळतो. दोन वर्षांपूर्वी थोरल्या भाच्याचं रिसेप्शन तिथेच होतं, दुपारचं. भाचरांनी मला कमानीशीच पकडलं. "आत्या, चाळीस खुर्च्या कुठेत?" मी म्हटलं, भुतांनी नेल्या. मग हसणं संपेपर्यंत थांबले आणि जेवणाच्या रांगेत जाऊन एका प्लेटमध्ये दहीभात घेतला. बोंबील नव्हता. मेनू शाकाहारी होता.

मागे केटररची खोकी रचलेली. विहिरीवर जाळी. पण तीन पायऱ्या होत्या तशाच होत्या. मी जरीची साडी सावरत तिसरीपाशी वाकले आणि कोपऱ्यात प्लेट ठेवली. तो असलाच तर शंभरीला टेकला असेल. मी आवाज न चोरता म्हटलं, "तुमची बहीण जुईला गेली. खूप वाट बघून गेली. आणि तो बोंबील माझा होता, तिला सांगायचं राहिलं. तुम्ही सांगा."

मग मी थांबले. शीळ वगैरे काही ऐकू आली नाही, पुढे सनईची टेप लागली होती. पण ऐकायला मी थांबले होते हे खरं.

"मॅडम," एक वाढपी खोकं उचलता उचलता म्हणाला, "प्लेट तिकडं टबमधे टाका. हितं ठेवली तर कोनपन येऊन खातं."

"खाऊ दे," मी म्हटलं, आणि मागच्या दाराने आत गेले.